जुलै छापलं, ऑगस्ट उजाडला

माझा भाचा येना नावाच्या गावात शिकतो. जर्मनीत, वायमारच्या शेजारी. रेल्वेनं वीसेक मिनिटं. यंदा दिवाळीला आला तो चॉकलेटांच्या पिशवीबरोबर पुठ्ठ्याची एक लांब नळी घेऊन. "मामा, तुमच्या धंद्यातलं आहे म्हणून आणलं," म्हणाला. नळीतून पोस्टर निघालं, पण ते काही केल्या सपाट पडेना. शेवटी प्रेसच्या काउंटरवर पसरलं. एका कोपऱ्यावर शाईचा डबा, दुसऱ्यावर पंचिंग मशीन, तिसऱ्यावर त्याचा मोबाइल आणि चौथ्यावर आमची शिळा. शिळेचं पुढे सांगतो.

लाल आणि काळा, दोनच रंग. बाकी कागदाचा पिवळट पांढरेपणा. मधे मोठं वर्तुळ, त्यात माणसाचा चेहरा, पण कसला? नाक आयत, ओठ आयत, हनुवटी आयत, डोळा म्हणजे एक चौकोन. लहान मुलाच्या ठोकळ्यांतून बसवावा तसा. भोवतीनं लाल-काळ्या पट्ट्या, आणि सगळी मांडणी अशी तिरकी की कुणाचा तरी धक्का लागून टेबलावरचं सगळं एका अंगाला सरकलंय. अक्षरंही त्या पट्ट्यांच्याच कलानं धावतात. मान वाकडी केल्याशिवाय वाचता येत नाहीत.

मला जर्मनचा ओ की ठो कळत नाही. भाच्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं. 'स्टाटलिखेस बाउहाउस', म्हणजे सरकारी बाउहाउस, तिथली कलाशाळा. 'आउसश्टेलुंग', म्हणजे प्रदर्शन. वायमार. जुलै ते सप्टेंबर. १९२३.

"आणि गंमत सांगू का मामा? जुलैत प्रदर्शन उघडलंच नाही. उघडलं १५ ऑगस्टला."

मी इतक्या जोरात हसलो की मागं मशीनवर असलेला बबन बघायला आला.

कारण सांगतो. १९९७ साली आम्ही नुकताच जुना मिनी ऑफसेट घेतला होता, आणि गावातल्या एका चित्रकलेच्या वर्गाचं वार्षिक प्रदर्शनाचं काम आलं. दोनरंगी पोस्टर, पाचशे प्रती. तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, गल्ल्यावर बसायचे आणि मी मशीनवर. दोन रंग म्हणजे कागद मशीनमधून दोनदा काढायचा. दिवसभर रजिस्टर बसवण्यात, म्हणजे दोन्ही रंग एकमेकांशी नेमके जुळवण्यात गेला. रात्री नऊला गठ्ठे बांधून ठेवले. सकाळी वर्गाचे सर हजर. पाहुण्यांना त्या दिवशी जमत नाही, प्रदर्शन आठ दिवस पुढे गेलंय. आता?

आण्णांनी शब्द काढला नाही. ट्रेडलवर, म्हणजे खिळे जुळवून छापायच्या जुन्या मशीनवर, नव्या तारखेच्या पट्ट्या छापल्या, साडेसात इंच बाय सव्वा इंच. आईनं मैद्याची खळ शिजवली, तिच्यात चिमूटभर मोरचूद. मग आई, मी, बहीण आणि आण्णा असे चौघे रात्री अडीचपर्यंत पाचशे पोस्टरांवर पट्ट्या चिकटवत बसलो. आण्णांनी पुठ्ठ्याची एक खाच कापून दिली होती. ती कोपऱ्याला लावायची आणि पट्टी नेमकी तिच्यात बसवायची, म्हणजे वाकडी जात नाही. तरी माझ्या गेल्याच. त्या पट्ट्यांचे पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. "चूक आमची नव्हती" असं सर म्हणाले. आमची तरी कुठं होती?

त्या रात्रीनंतर आण्णांचा नियमच झाला: तारीख शेवटी. रंगीत भाग आधी काढून ठेवायचा, तारखेची जागा मोकळी सोडायची, आणि गिऱ्हाइकानं कागदावर सही केली की मगच तारीख ट्रेडलवर मारायची. खरं तर हे काही आण्णांनी शोधलेलं नाही. तमाशा आणि नाटकवाल्यांची पोस्टरं तशीच असायची. नटांची चित्रं वर, खाली पांढरा पट्टा. गाव बदललं की पट्ट्यात नवं गाव, नवी तारीख. प्रदर्शनवाले मात्र स्वतःला जरा वरचे समजतात.

तर मला पहिला प्रश्न पडला तो हा, की वायमारच्या माणसानं तारखेची जागा मोकळी का सोडली नाही?

उत्तर पोस्टरकडे पाच मिनिटं बघितल्यावर मिळतं. सोडायला जागाच नाही. आपल्याकडं वर चित्र, खाली 'मॅटर' असं असतं. मॅटरमधली ओळ काढली काय, ठेवली काय, चित्राला त्याचं सोयरसुतक नसतं. इथं चित्र आणि मॅटर वेगळे नाहीतच. अक्षरांच्या ओळी म्हणजेच या बांधकामाच्या तुळया. त्यातली एक उपसून 'नंतर बघू' म्हटलं तर वर्तुळ अधांतरी लोंबेल. तारीख बांधकामात गेली, आणि बांधकामातली चूक पट्टी चिकटवून झाकत नाही.

हे पोस्टर करणारा योस्ट श्मिट. जन्म १८९३. शिकला चित्रकला, लढला पहिल्या महायुद्धात, आणि बाउहाउसला आला तो लाकडावरच्या कोरीवकामाच्या कार्यशाळेत. हे कळलं आणि माझा चष्मा बदलला. हा माणूस कागदावर पट्ट्या आखत नव्हता, तो लाकडाच्या फळ्या एकमेकींत बसवत होता. याच प्रदर्शनासाठी त्यानं शाळेच्या प्रवेशदालनात भिंतीवरची उठावशिल्पंही केली. पुढं शाळा देसाऊ या गावी गेली तेव्हा हाच श्मिट तिथं अक्षररचना शिकवायला लागला. म्हणजे आधी पोस्टर, मग मास्तरकी. आपल्याकडं उलटं असतं.

बाउहाउस काय हे थोडक्यात, कारण त्याच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. वॉल्टर ग्रोपिअस या वास्तुविशारदानं १९१९ मध्ये वायमारला काढलेली शाळा. चित्रकार, सुतार, विणकर, कुंभार, धातुकाम करणारे, सगळे एका छपराखाली. क्ली आणि कँडिन्स्की असे नामवंत चित्रकार शिकवायला. पैसा थुरिंगिया राज्य सरकारचा. आणि सरकारचं सगळीकडं सारखंच: पैसे दिलेत, आता काय केलंत ते दाखवा. प्रदर्शन भरवायला हवं असा धोशा लागला. ग्रोपिअसच्या मनात एवढ्या लवकर काही दाखवायचं नव्हतं. पण कर्ज घेतलं की सावकाराच्या घरी जेवायला जावंच लागतं.

मग सगळी शाळा त्याच्या मागं लागली. गेओर्ग मुखे या चित्रकारानं (चित्रकारानं, हं!) एक अख्खं घर आखलं आणि ते बांधून उभंही केलं. 'हाउस आम हॉर्न' म्हणतात, अजून आहे. भाचा बघून आलाय. त्याला सगळ्यात आवडलं ते स्वयंपाकघर: सलग ओटा, वर-खाली भिंतीला धरून कपाटं. "मामा, आपल्या फ्लॅटमध्ये आहे तसंच!" म्हणाला. म्हणजे आपल्या फ्लॅटमध्ये आहे ते शंभर वर्षं जुनं आहे, हे त्याच्या आईला सांगायची सोय नाही. तिनं त्या मॉड्युलर किचनला काय मोजलंय ते मला माहीत आहे.

१५ ते १९ ऑगस्ट असा उद्घाटनाचा आठवडा. ग्रोपिअसचं भाषण, 'कला आणि तंत्रज्ञान: एक नवी एकजूट'. स्ट्राविन्स्की, हिंडेमिट यांचं संगीत. ऑस्कर श्लेमरचं नृत्यनाट्य. पोस्टरमधला तो ठोकळ्यांचा चेहरा याच श्लेमरचा, १९२२ मध्ये त्यानं शाळेसाठी केलेला शिक्का. प्रचारासाठी मास्तर आणि विद्यार्थ्यांनी मिळून वीस पोस्टकार्डं केली, तीही पोस्टरसारखीच लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली. पॉल क्लीनं केलेलं कार्ड पोस्टात टाकायचं! सप्टेंबरअखेर हजारो लोक येऊन गेले. १५,००० च्या आसपास सांगतात. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत थुरिंगियात उजवे आले, शाळेचं अनुदान कापलं, आणि १९२५ च्या मार्चअखेर बाउहाउस वायमारमधून उठलं. देसाऊला गेलं.

पण मी छापखानेवाला. माझं लक्ष १९२३ या आकड्यावर अडकलं. जर्मनीत त्या वर्षी पैशाची काय दशा होती! ऑगस्टमध्ये एका डॉलरला लाखांनी मार्क, नोव्हेंबरमध्ये ४.२ लाख कोटी. कागदाचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. मी गिऱ्हाइकाला कोटेशन देताना खाली 'दर पंधरा दिवसांसाठी वैध' असं लिहितो. वायमारच्या छापखानेवाल्यानं काय लिहिलं असेल? 'चहा संपेपर्यंत वैध'?

आणि त्यातला कळस असा, की थुरिंगियाच्या स्टेट बँकेला तातडीनं नोटा हव्या होत्या, तर त्यांची रचना केली बाउहाउसच्याच एका विद्यार्थ्यानं, हर्बर्ट बायर त्याचं नाव. दहा लाख मार्क, वीस लाख मार्क. भाच्यानं मोबाइलवर दाखवली. नक्षी नाही, राजा नाही, वेलबुट्टी नाही. मोठ्या ठळक अक्षरांत रक्कम आणि सपाट रंगाच्या पट्ट्या. नोट कसली, भाड्याची पावती वाटते. छापायला मात्र झकास. एका बाजूला प्रदर्शनाची तारीख पुढं सरकतेय, दुसऱ्या बाजूला नोटेवरची शून्यं. त्या वर्षी वायमारमध्ये छापलेला कुठलाच आकडा जागेवर राहिला नसावा.

आता शिळा. मराठीत लिथोग्राफीला आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत 'शिळाप्रेस' म्हणत. शिळा म्हणजे चुनखडीचा गुळगुळीत घासलेला दगड. उत्तम दगड जर्मनीतल्याच झोल्नहोफेनचा, आणि ही विद्या काढली तीही त्याच बव्हेरियात, झेनेफेल्डर नावाच्या माणसानं, अठराव्या शतकाच्या अखेरीला. दगडावर तेलकट शाईनं काढायचं, वर पाणी फिरवायचं. पाणी मोकळ्या जागी बसतं, छपाईची शाई तेलकट जागी. तेल-पाण्याचं वैर, बाकी काही नाही. माझ्या ऑफसेटमध्येही तेच वैर आहे, फक्त दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची प्लेट आली. बबन रोज सकाळी पाणी-शाईचा मेळ घालतो तेव्हा तो झेनेफेल्डरचंच काम करत असतो, त्याला हे नाव माहीत नसलं तरी.

आमच्या आजोबांनी तरुणपणी शिळाप्रेसमध्ये काम केलं होतं. त्या प्रेसचं सगळं मोडीत गेलं तेव्हा एक शिळा त्यांनी उचलून आणली. पाटीएवढी, तीन बोटं जाड, एकट्याला उचलायला जड. इतकी वर्षं बाइंडिंगवर वजन ठेवायला वापरतो. ती जरा ओली केली आणि उजेडाकडं तिरकी धरली की एका कोपऱ्यात उलटी अक्षरं अंधूक दिसतात: 'तपकीर'. कुठल्या तरी तपकिरीच्या डबीचं लेबल. उलटी, कारण दगडावरून कागदावर थेट उतरायचं म्हणजे दगडावर आरसा लिहायला हवा. शिळाप्रेसचे लेखनिक ते सरळ हातानं उलटं लिहायचे. आजोबा म्हणायचे, त्यांचा एक लेखनिक घरच्या पत्रातही मधेच उलटा 'र' काढायचा.

तर वायमारचं पोस्टर लिथोग्राफ आहे, आणि यातली अक्षरं खिळ्यांची, म्हणजे जुळवायच्या सुट्या टाइपाची नाहीत. एकही नाही. मला सुरुवातीला वाटलं, ठळक लाकडी टाइप असेल. मग दोन 'एस' शेजारी शेजारी ठेवून बघितले. जुळे नाहीत, सख्खे भाऊ आहेत. प्रत्येक अक्षर पट्टी-पेन घेऊन जागेच्या मापानं काढलेलं. त्या वेळी बाउहाउसमध्ये छपाईची कार्यशाळा होती, फायनिंगर हा चित्रकार तिचा प्रमुख, पण ती कलावंतांची छापचित्रं काढायची. खिळे जुळवायचं खातं वगैरे पुढं देसाऊला. हे पोस्टर काढलं गावातल्या 'राइनेक उंट क्लाइन' नावाच्या छापखान्यात. अस्सल प्रत साधारण २७ बाय १९ इंच, म्हणजे कागदाच्या आपल्या डबल क्राऊन मापापेक्षा जरा लहान. हे माप वाचून मला त्या छापखान्याबद्दल आपुलकी वाटायला लागली. शाळा कितीही क्रांतिकारक असो, कागद शेवटी मशीनच्या मापाचाच घ्यावा लागतो.

त्याच सुमाराला आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर आपल्या सिनेमांची पोस्टरं हातानं रंगवत होते. त्यांचा वायमारशी काडीचा संबंध नाही, मी उगाच जोडत नाही. पण बाउहाउसचा हिंदुस्थानशी संबंध मात्र खरंच आहे. या पोस्टरच्याही आधी, डिसेंबर १९२२ मध्ये, बाउहाउसच्या मंडळींची चित्रं बोटीनं कलकत्त्याला आली होती. इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात क्ली, कँडिन्स्की, फायनिंगर, इटेन टांगले होते. वायमारकरांना त्यांच्याच शाळेचं मोठं प्रदर्शन बघायला मिळालं त्यानंतर आठ महिन्यांनी!

एक गोष्ट मला या पोस्टरमध्ये फारच आवडली, आणि ती आमच्या गिऱ्हाइकांना कधी पटणार नाही. प्रदर्शनाचं पोस्टर आहे, पण त्यात प्रदर्शनातल्या कामाचा एकही नमुना नाही. खुर्ची नाही, घर नाही, विणलेलं कापड नाही. नुसता शिक्का आणि अक्षरं. आमच्याकडं प्रदर्शनाचं काम आलं की पहिलं वाक्य: "मान्यवरांचे फोटो वर घ्या." मग उद्घाटक, मग अध्यक्ष, मग प्रमुख उपस्थिती, मग स्वागतोत्सुक आणि अगदी तळाला, जागा उरली तर, ज्याची चित्रं आहेत त्याचं नाव. क्ली आणि कँडिन्स्की ज्या शाळेत शिकवत होते त्या शाळेनं पोस्टरवर त्यांची नावंसुद्धा टाकली नाहीत. गेल्या महिन्यात एका पोस्टरवर मी बावीस नावं बसवली. एकवीस बसली होती, बाविसाव्यासाठी चित्र लहान केलं.

आता शेवटचं, आणि यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

भाचा गेल्यावर मी पोस्टरवर लूप ठेवला. लूप म्हणजे आमचं छोटं भिंग, खिशात असतंच. अपेक्षेप्रमाणं सगळीकडं ठिपके. ही दुकानातली प्रत, चाररंगी ऑफसेटवर काढलेली. लाल म्हणून जो दिसतो तो किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांचा मेळ; जुन्या कागदाचा पिवळेपणासुद्धा ठिपक्यांनीच केलेला. अस्सल लिथोमध्ये असलं काही नसतं. लाल म्हणजे लाल, सॉलिड, एकसंध. त्यामुळे जरा हिरमुसलो. तपकिरीच्या शिळेच्या शेजारी ठेवून बघत होतो आणि हातात होतं झेरॉक्सचं थोरलं भावंड.

लूप सरकवत वर्तुळाच्या कडेला आलो. तिथं लाल आणि काळ्याच्या मधे एक पांढुरकी रेघ. केसाएवढी, दीड-दोन इंच लांब. ज्यांनी दोनरंगी काम केलंय त्यांना सांगायला नको: एक रंग सुटला. रजिस्टर बसलं नाही.

बबनला हाक मारली. त्यानं लूप लावला आणि म्हणाला, "लाल सुटलाय, मालक."

"कुणाचा? आत्ताच्या छपाईवाल्याचा, की त्या वेळच्या?"

बबन असल्या प्रश्नांवर चिडतो. पण त्यानं बरोबर ते केलं जे मी केलं असतं. लूप उचलून बारीक अक्षरांवर नेला. आत्ताच्या मशीनवर रंग सुटला असता तर प्रत्येक बारीक अक्षराच्या एकाच अंगाला रंगीत झालर आली असती, निळी नाही तर किरमिजी. झालर नव्हती. कडा स्वच्छ. पुन्हा रेघेवर आला. रेघेत फक्त कागदाच्या रंगाचे ठिपके, जागच्या जागी. म्हणजे ही रेघ ज्या प्रतीवरून फोटो घेतला तिच्यातलीच.

शंभर वर्षांपूर्वी वायमारच्या त्या छापखान्यात कुणीतरी काळ्यावर लाल चढवताना कागद केसभर सरकवला होता. तारीख तर चुकलीच होती.

"त्यांचा," बबन म्हणाला. लूप माझ्या हातात ठेवला आणि मशीनकडं जाता जाता म्हणाला, "कागद दमट असणार. पावसाळ्यात छापलं असेल."